नातवंडांना गरिबी समजावून सांगताना

“आजी, मावशी गरीब का आहेत? त्यांनी अभ्यास केला नाही म्हणून ना?” नववीतील नातू असे विचारतो, आणि त्या मावशी शेजारच्याच खोलीत आजोबांना आधार देऊन उठवून बसवत असतात. अशा वेळी काय उत्तर द्यावे, हे चटकन सुचत नाही. मुलाच्या मनात दुष्टावा नसतो. ‘कष्ट केले की यश मिळते’ हे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. ज्याला यश मिळाले नाही त्याने कष्ट केले नसावेत, असे अनुमान तो स्वतःच काढतो.

शाळेत गरिबीचा धडा असतो. दारिद्र्यरेषा, टक्केवारी, शासकीय योजना हे सारे मुले पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरून जातात. त्या धड्यामागची माणसे मात्र आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहेत.

१९७२ चा दुष्काळ आठवा. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने विकली गेली. ज्यांच्या घरात धान्याच्या कणग्या असत, अशी शेतकरी कुटुंबेही रस्त्याच्या कडेला खडी फोडायला बसली. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळे. मुलांच्या हातावर सुकडी पडे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. ती आळशी होती, असे कोण म्हणेल? या अनुभवातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना बळकट झाली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला, १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ मध्ये देशभरासाठी तशाच हमीचा कायदा झाला. गरिबीला कारणे असतात आणि समाजाने मनावर घेतले तर त्यांवर उपायही निघतात, हे मुलाला या एका आठवणीतून कळते.

दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे: आजारपण. ज्या घरात हातावर पोट आहे, तिथे कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की मजुरी थांबते आणि खर्च सुरू होतो. आधी दागिना जातो, मग सावकाराचे कर्ज होते, शेवटी मुलीची शाळा सुटते. घरात दीर्घ आजार सांभाळणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको.

नातवंडांबरोबर एक हिशेब करून पाहावा. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२ साली पाच माणसांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा ग्रामीण भागात महिना सुमारे ४,०८० रुपये आणि शहरात ५,००० रुपये खर्चाची होती. तेव्हाची स्वस्ताई लक्षात घेऊनही त्या रकमेत धान्य, तेल, भाडे, शाळेचा खर्च मांडायला सांगावे. शेवटी आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि एका तपासणीचा खर्च लिहावा. कोणती गोष्ट खोडायची, हे मुलालाच ठरवू द्यावे. त्या क्षणी धड्यातील रेषा त्याला खरी वाटू लागते.

सांगताना काही पथ्ये पाळावीत. ताटात अन्न टाकले म्हणून रागाच्या भरात दुष्काळ ऐकवू नये. मुलाला त्यातील टोमणाच तेवढा ऐकू येतो. लहान मुलांना भेदरवून टाकणारे तपशील टाळावेत आणि ‘मग लोकांनी काय केले’ हे आवर्जून सांगावे. घरी कामाला येणाऱ्या व्यक्तीला तिची कहाणी सांगायला लावू नये. ती सांगायची की नाही, हे तिचे तिने ठरवावे. आपल्याही काही आठवणी बोचऱ्या असतात. सांगताना गळा दाटून आला तर थांबावे. शुश्रूषा करणाऱ्यांनीही आग्रह धरू नये, नुसते जवळ बसावे.

आता नातवाच्या प्रश्नाकडे वळू. त्याला शांतपणे विचारावे, “मावशी पहाटे किती वाजता घरातून निघतात, ठाऊक आहे? आजोबांना उचलून बसवायला किती ताकद लागते, ते एकदा त्यांच्याबरोबर करून पाहा. मग कष्टाचे मोल इतके कमी का, हे आपण दोघे मिळून शोधू.” आणि संध्याकाळी मावशी निघताना त्याने स्वतःहून त्यांना पाण्याचा पेला नेऊन दिला, तर धडा समजला असे मानायला हरकत नाही.