थ्री-नॉट-थ्रीची नळी आणि उकळते पाणी

पोलीस आणि एनसीसीमुळे आपल्या परिचयाच्या .३०३ ली-एनफील्ड रायफलीची नळी आतून जेमतेम ७.७ मिलिमीटर रुंद असते. तिच्यातल्या सर्पिल खाचा गोळीला फिरकी देतात. त्या गंजल्या की नेम बिघडतो.

जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत चिकटतो, हवेतली ओल ओढून घेतो आणि पोलादाला गंज चढवतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून गोळीबारानंतर सैनिक रायफल रिकामी असल्याची खात्री करून नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतत. तापलेली नळी लवकर कोरडीही होते. मग पुलथ्रूच्या, म्हणजे नळी साफ करायच्या, दोरीला फ्लॅनेलची चिंधी अडकवून ती मागून तोंडाकडे ओढायची आणि शेवटी तेलाचा पातळ हात द्यायचा. दोरी आणि पितळी तेलदाणी दस्त्यातच ठेवलेली असे.

दुरुस्तीला मात्र मर्यादा आहे. वरवरचा गंज तेल आणि ब्रशने निघतो. पोलादात पडलेले खड्डे भरून येत नाहीत. ते घासून काढू गेल्यास नळीच रुंदावते. त्यामुळे गोळीबाराच्याच दिवशी केलेली सफाई हाच खरा उपाय.