पवनचक्कीचं तोंड खरंच वाऱ्याकडे आहे का?

नांदेड-लातूरकडून बीड, धाराशिवकडे जाताना बालाघाटच्या माथ्यावरच्या पवनचक्क्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. लांबून वाटतं, सगळ्यांची तोंडं बरोबर वाऱ्याकडे आहेत. तसं असेलच असं नाही. वाऱ्याची दिशा सांगणारा वातकुक्कुट असतो पात्यांच्या मागे, म्हणजे पात्यांनी घुसळलेल्या हवेत. तो जरा तिरपा बसला, की चक्कीही कायम तिरपी उभी राहते. १० अंशांच्या चुकीनं साधारण ३ ते ४ टक्के वीज जाते. समजा, २ मेगावॅटची चक्की वर्षाला ३५ लाख युनिट देते. म्हणजे लाखभर युनिट गेलीच की!

इथे लायडार कामाला येतो. तो पात्यांच्या पुढे डावी-उजवीकडे लेसर किरण सोडतो. हवेतल्या धूलिकणांवरून परतलेल्या प्रकाशाची वारंवारिता किंचित बदललेली असते. त्यावरून दोन्ही बाजूंचा वेग कळतो आणि तो ताडून दिशा निघते. (धुळीला आपल्याकडे तोटा नाही!) यंत्र महाग आहे, पण वातकुक्कुटाची ही चूक रोज बदलत नाही. त्यामुळे एकच लायडार काही आठवडे एका चक्कीवर ठेवायचा, नियंत्रकात तेवढे अंश दुरुस्त करायचे, मग पुढच्या चक्कीवर न्यायचा. तो स्वतः मात्र सरळ बसवायला हवा, नाहीतर तीच चूक पुन्हा. आणि आपल्याकडचा जोराचा वारा पावसाळ्यातला, म्हणून दुरुस्ती जूनच्या आत झालेली बरी.