घरांतलें रहस्य

रहस्यकथा वाचण्याची मराठी वाचकाची हौस जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक लहान लहान रहस्यकादंबऱ्या लिहिल्या आणि झुंजार व काळापहाड हीं नांवें घरोघर पोहोंचविलीं. त्या कथांतील संकट बहुधा बाहेरून येई. खलपुरुष असे तो परका, त्याचा अड्डा कोठें तरी आडबाजूस. आणि वाचक दाराला कडी घालून, दिवा जवळ ओढून अगदीं निर्धास्तपणें भीत असे. गेल्या दहापंधरा वर्षांत इंग्रजींतून जीं रहस्याचीं पुस्तकें आमच्या घरांत येऊं लागलीं आहेत, त्यांत मात्र संकट कडीच्या आंतल्या बाजूलाच बसलेलें असतें. नवरा, बायको, शेजारीण, मोलकरीण यांपैकींच कोणी तरी खोटें बोलत असतें. इंग्रजी प्रकाशक या प्रकारास 'डोमेस्टिक सस्पेन्स' म्हणतात. आम्ही त्यास गृहरहस्याची कादंबरी म्हणूं.

या कादंबऱ्यांविषयीं सुशिक्षित मंडळींत दोन मतें ऐकूं येतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, जें पुस्तक रात्र जागवितें तेंच चांगलें, त्याहून अधिक खोलांत जाण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या पक्षाच्या मतें संसारावरचा विश्वास उडविणारें असलें वाङ्मय घरांत आणूंच नये. आम्हांस हीं दोन्ही मतें अपुरीं वाटतात. अशा पुस्तकासाठीं आमची कसोटी एकच आहे : रहस्य कळल्यानंतर त्यांतलें घर उभें राहतें कीं नाहीं? ज्या कादंबरींतील माणसें शेवट ठाऊक असतांनाही पुन्हां भेटावींशीं वाटतात ती खरी. जिचा शेवट सांगतांच हातांत कांहीं उरत नाहीं ती घटकाभराची करमणूक. ही कसोटी लावावयाची म्हणजे कांहीं रहस्यें फोडणें ओघानें आलेंच. ज्यांनीं हीं पुस्तकें अद्याप वाचलीं नसतील त्यांनीं तेवढें ध्यानांत ठेवून पुढें वाचावें.

हा प्रकार अगदीं आजचा आहे अशी समजूत दिसते, ती बरोबर नाहीं. चार्ल्स डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकांत १८५९ च्या नोव्हेंबरपासून विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. तींत लॉरा नांवाच्या श्रीमंत मुलीस तिचा नवरा व त्याचा मित्र दुसऱ्याच एका स्त्रीच्या नांवानें वेड्यांच्या इस्पितळांत डांबतात, आणि ती दुसरी स्त्री मरतांच लॉराच मेली असें दाखवून तिचा पैसा घशांत घालतात. आज हें कारस्थान कोणास अतिशयोक्त वाटेल. परंतु त्या काळीं इंग्लंडांत विवाहित स्त्रीचा बहुतेक पैसाअडका कायद्यानें नवऱ्याचा होत असे. ती स्थिति १८७० व १८८२ च्या कायद्यांनीं पालटली. कॉलिन्सच्या वाचकांस वाटलेल्या भीतीचें मूळ अशा रीतीनें कायद्याच्या पुस्तकांतच होतें. पुढें १८६२ मध्यें मेरी एलिझाबेथ ब्रॅडन यांनीं 'लेडी ऑड्लीज सीक्रेट' लिहून तीच बाजू उलटविली. तींत गोड बोलणारी, सोनेरी केसांची गृहिणीच गुन्हा करते, आणि त्या गुन्ह्यामागें पहिला नवरा सोडून गेल्यावर आलेलें दारिद्र्य उभें असतें. छळलेली बायको आणि छळणारी बायको, हे आजच्या कादंबरीचे दोन्ही सांचे दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वींच तयार झाले होते.

यानंतरचें महत्त्वाचें वर्ष १९३८. त्या वर्षीं दाफ्ने द्यू मॉरिए यांची 'रिबेका' प्रसिद्ध झाली. तींतील कथा सांगणाऱ्या नायिकेचें नांव आपणांस अखेरपर्यंत कळत नाहीं. मॅन्डर्लीच्या मोठ्या वाड्यांत ती दुसरेपणाची म्हणून येते, आणि पहिलीचें नांव मात्र तेथील वस्तूवस्तूंवर व नोकरांच्या तोंडीं जिवंत असतें. नवऱ्यानेंच पहिलीस ठार केलें हें ज्या क्षणीं कळतें त्या क्षणीं या मुलीस त्याची भीति वाटत नाहीं. त्याचें पहिलीवर प्रेम नव्हतें एवढ्याच जाणिवेनें ती सुखावते! आणि तिच्याबरोबर आपणही, एरवीं नीतीच्या गोष्टी सांगणारे वाचक, तो खुनी सुटावा म्हणून जीव मुठींत धरून बसतों. १९४० मध्यें आल्फ्रेड हिचकॉक यांनीं या कथेवर चित्रपट काढला तेव्हां अमेरिकन चित्रपटसृष्टीच्या नियमावलीमुळें तो खून बदलून अपघात करावा लागला. त्या एका बदलानें प्रेक्षकाच्या मनाची बोचणी बरीच बोथट झाली. मूळ कादंबरीचें रहस्य ऐंशीहून अधिक वर्षें जगास ठाऊक आहे. तरी ती वाचली जाते, कारण वाचकानें स्वतःविषयीं जें ओळखलें तें कळून जुनें होत नाहीं.

आजची लाट आणली ती गिलियन फ्लिन यांच्या २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'गॉन गर्ल'नें. निक व एमी हें जोडपें न्यूयॉर्कला मासिकांत लिहिणारें. मंदींत दोघांच्याही नोकऱ्या जातात आणि निकच्या मिसूरीमधील गांवीं बिऱ्हाड हलतें. लग्नाच्या पांचव्या वाढदिवशीं एमी नाहींशी होते. एक प्रकरण नवऱ्याचें आणि एक बायकोच्या रोजनिशीचें, अशी मांडणी आहे. ती रोजनिशी बनावट होती हें मध्यावर उघड होतें. पुष्कळ वाचक या कलाटणीचेंच कौतुक करतात. आमच्या मतें पुस्तकाचें बळ त्याआधींच्या पानांत आहे. नोकरी गेलेला नवरा बायकोच्या शिल्लक पैशावर मद्यगृह काढतो. बायको परक्या गांवांत एकटी पडते. आणि लग्नापूर्वीं एकमेकांस आवडावें म्हणून घेतलेलें सोंग पुढें चालवून दोघेंही थकून जातात. हें दुःख आपल्या ओळखीच्या घरांतही सांपडेल, आणि शेवट कळल्यावरही तें खरेंच राहतें.

या पुस्तकावर एक गंभीर आक्षेप आहे. खोटे आरोप करणारी बायको रंगवून लेखिकेनें खरोखर छळ सोसणाऱ्या स्त्रियांचें नुकसान केलें, असें कित्येक भगिनी म्हणतात. दुष्ट स्त्री रंगविण्याचा हक्क लेखिकेस आहेच, आणि एमी ही एक विशिष्ट, बुद्धिमान, लहानपणापासून आईबापांच्या पुस्तकांतली नायिका होऊन वाढलेली व्यक्ति आहे. तिच्यावरून सर्व बायकांचा न्याय कोणी करूं नये. पण आक्षेपांतला धोका आम्ही नाकारीत नाहीं. 'बायकोच खोटी निघाली' ही कलाटणी एकदां खपली कीं ती सांचा बनते, आणि सांचा बनला म्हणजे पुढच्या पुस्तकांतील प्रत्येक रडणाऱ्या स्त्रीकडे वाचक संशयानेंच पाहूं लागतो.

या दृष्टीनें पॉला हॉकिन्स यांच्या २०१५ मधील 'द गर्ल ऑन द ट्रेन' या कादंबरीस आम्ही अधिक मान देतों. २०२१ मध्यें याच नांवाचा हिंदी चित्रपट निघाल्यानें कथा आपल्याकडेही अनेकांस परिचित आहे. रेचेलची नोकरी गेलेली आहे. तरी घरमालकिणीस कळूं नये म्हणून ती रोज सकाळीं ठरलेल्या गाडीनें लंडनला जाते आणि संध्याकाळीं परत येते. ती दारू पिते, तिला रात्रींच्या गोष्टी आठवत नाहींत, म्हणून तिच्या साक्षीला कोणी किंमत देत नाहीं. पुढें कळतें तें असें कीं, नशेंत तूं अमुक केलेंस, तमुक फोडलेंस, असें घटस्फोटित नवऱ्यानें तिला वर्षानुवर्षें खोटेंच पढविलें होतें. जें तिनें केलेंच नव्हतें त्याची ती क्षमा मागत आली होती! हें रहस्य ठाऊक असतांना पुस्तक दुसऱ्यांदा वाचावें. प्रत्येक क्षमायाचना मनास नवा चटका लावते.

बायकोच्या स्मृतीवरच घाला घालण्याची ही रीत पॅट्रिक हॅमिल्टन यांनीं 'गॅस लाइट' या नाटकांत, तेंही १९३८ मध्येंच, दाखविली होती. त्यांतला नवरा घरांतल्या वस्तु लपवून 'तूंच विसरतेस' असें बायकोस पटवीत राहतो, आणि ती स्वतःस वेडी समजूं लागते. त्या नाटकाच्या नांवावरून इंग्रजींत 'गॅसलायटिंग' असा शब्दच रूढ झाला, आणि २०२२ मध्यें मेरियम-वेबस्टर कोशकारांनीं त्यास वर्षाचा शब्द ठरविलें. कायदा या ज्ञानापर्यंत सावकाश पोहोंचला. जोडीदारास सतत धाकांत व ताब्यांत ठेवणें हा इंग्लंड व वेल्समध्यें स्वतंत्र गुन्हा ठरला तो २०१५ च्या कायद्यानें. भारतांत मात्र २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यानें, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आला, मारहाणीबरोबर वाचिक, मानसिक व आर्थिक छळाचीही आधींच दखल घेतलेली आहे. ज्या गोष्टीचा पुरावा अंगावर दिसत नाहीं ती दाखविण्याचें काम कादंबरी चांगलें करूं शकते, आणि या प्रकाराचें खरें समर्थन आम्ही तेथेंच मानतों.

लियान मोरियार्टी या ऑस्ट्रेलियन लेखिकेची 'बिग लिट्ल लाइज' (२०१४) हीही याच कसोटीस उतरते. शाळेच्या समारंभांत कोणी तरी मेलें आहे. कोण, तें शेवटीं कळतें. पण आपण वाचीत राहतों तें सेलेस्टसाठीं. ती शिकलेली, एके काळीं वकिली केलेली, मोठ्या घरांत राहणारी. आणि नवऱ्याचा मार खाऊन दुसऱ्या दिवशीं हंसतमुखानें शाळेंत येणारी. निघून जाण्यासाठीं ती गुपचूप जागा भाड्यानें घेते, तेथें सामान लावते, तरी पाऊल उचलत नाहीं. 'मग ती निघून कां जात नाहीं?' या सोप्या प्रश्नाचें उत्तर किती अवघड आहे, तें या प्रकरणांइतकें स्पष्ट आम्हीं क्वचितच वाचलें.

कांहीं लोकप्रिय पुस्तकें मात्र या परीक्षेंत मागें पडतात. ॲलेक्स मायकेलिडीझ यांच्या 'द सायलेंट पेशंट' (२०१९) मध्यें नवऱ्यावर गोळ्या झाडून मौन धरलेली चित्रकार स्त्री आहे. कालक्रमाची चलाखी कुशल आहे हें मान्य. पण त्या स्त्रीचें मौन तिच्या दुःखापेक्षां लेखकाच्या सोयीचें वाटतें. फ्रीडा मॅक्फॅडन यांच्या 'द हाउसमेड' (२०२२) मध्यें तुरुंगांतून सुटलेली, मोटारींत झोपून दिवस काढणारी मिली एका धनिकाच्या घरीं कामास राहते. तिला माळ्यावरची जी खोली मिळते तिचें कुलूप फक्त बाहेरून लागतें. केवढी विलक्षण कल्पना! जिला दुसरें कोठेंच आश्रय नाहीं तिला कुलूप दिसत असूनही तेथें राहावें लागतें. घरकाम करणाऱ्या बाईची सारी असहायता त्या एका कुलुपांत आहे. पण पुस्तकास पुढची कलाटणी गांठण्याची इतकी घाई आहे कीं हा विषय तेथेंच सोडून कथा धांवत सुटते.

घरांतलें भय आपल्या भाषेस अपरिचित आहे असें नाहीं. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी १८९० मध्यें निघालेल्या 'करमणूक' पत्रांत क्रमशः आली. तींत दडविलेला खुनी नाहीं कीं बनावट रोजनिशी नाहीं. तरी विधवा झालेल्या यमूचें घरचीं माणसें आतां काय करणार, या धास्तीनें पान उलटतांना आजही हात अडखळतो. शेवट काय होणार हें वाचकास आधींच दिसत असतें, आणि म्हणूनच ती धास्ती टिकते. नवी मराठी गृहरहस्याची कादंबरी लिहूं पाहणाऱ्यांनीं परदेशी कलाटण्यांचा हिशेब ठेवण्यापूर्वीं ही एक कादंबरी पुन्हां वाचावी.

आमच्या वाचकभगिनींस व बंधूंस सुचवावयाचें तें इतकेंच. हीं पुस्तकें घरांत जरूर येऊं द्यावीं. लपवून वाचण्याजोगें त्यांत कांहीं नाहीं. मात्र शेवटचें पान संपतांच पुस्तक दुसऱ्याच्या हातीं देऊं नये. खुनी कोण हें कळलें. आतां, खरें बोलणाऱ्या स्त्रीवर प्रथम अविश्वास कोणीं दाखविला आणि कां, हें मागें जाऊन शोधावें. बहुधा तें माणूस दुष्ट नसतें. घाईंत असतें, किंवा घराच्या अब्रूस जपत असतें. तें सांपडलें म्हणजे आपल्या नात्यागोत्यांत 'तुला कांहीं आठवत नाहीं' म्हणून जिचें बोलणें वारंवार मोडून काढलें जातें अशी कोणी आहे काय, याचा विचार करावा. आणि असेल तर एखाद्या दुपारीं तिच्याकडे जाऊन तिचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.