आंबोलीचा टोड आणि लाल यादीचे गणित

उभयचरांचा धडा शिकवताना फळ्यावर तीन गट लिहावे लागतात : बिनशेपटीचे बेडूक, बिनपायांचे देवगांडूळ आणि शेपटीवाले सॅलॅमँडर. यांपैकी तिसरा प्राणी खामगावच्या शिवारात कितीही शोधला तरी मिळणार नाही. भारतात तो फक्त पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत आढळतो. जगातील ८,०११ उभयचर जातींची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचे दिसले. सॅलॅमँडरांत तर पाचांपैकी तीन.

‘धोक्यात’ म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला मात्र हिमालय गाठायला नको. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील एका लहानखुऱ्या टोडला (टोड म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक) २००९ साली एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी नवी जात म्हणून नाव दिले : झँथोफ्राइन टायग्रिना. कुशीवर वाघासारखे पट्टे, म्हणून टायग्रिना. लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ गणला गेला आहे.

पावसाळ्याच्या तोंडाशी हे टोड जांभ्याच्या सड्यावर जमतात आणि खळग्यांत साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतात. तेव्हा पाहणाऱ्याला वाटावे, हे तर पुष्कळ आहेत! मग अतिसंकटग्रस्त कसे? विद्यार्थी हा प्रश्न विचारतातच, आणि तो चांगला प्रश्न आहे.

उत्तर असे की, लाल यादी केवळ डोकी मोजत नाही. तिच्या एका कसोटीत जातीचा विस्तार पाहतात. तो २०,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ‘असुरक्षित’, ५,००० पेक्षा कमी असेल तर ‘संकटग्रस्त’ आणि १०० पेक्षा कमी असेल तर ‘अतिसंकटग्रस्त’. नुसता विस्तार कमी असून भागत नाही. ठिकाणे मोजकी असणे, अधिवास खालावत जाणे अशा आणखी खुणाही लागतात. येथे ‘ठिकाण’ या शब्दाला खास अर्थ आहे : एकाच संकटाने जेवढा प्रदेश एकदम सापडेल, तेवढे एक ठिकाण. आंबोलीला हे तंतोतंत लागू पडते. सडा खणला, त्यावर बांधकाम झाले, किंवा पावसाळी पर्यटकांच्या गाड्या रात्री रस्ता ओलांडणाऱ्या टोडांवरून गेल्या, तर त्यांची उणीव भरून काढायला दुसरीकडून कोणी येणार नाही. त्यात पावसाने ओढ दिली की खळगे आटतात आणि भैरीची पिल्ले सुकून मरतात.

आता आपल्याकडचा मोठा बेडूक घ्या. खामगाव परिसरात पहिल्या मोठ्या पावसानंतर पिवळेधमक नर डबक्यांत ओरडतात, तो हा. त्याच्या शास्त्रीय नावातही वाघच आहे (टायग्रिनस). तोही साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. पायांच्या निर्यातीसाठी हे बेडूक एके काळी अतोनात पकडले जात. १९८७ साली ती निर्यात बंद झाली. तरीही त्याची नोंद ‘किमान चिंता’ गटात आहे, कारण तो भारतभर आणि शेजारच्या देशांतही पसरलेला आहे. एका तालुक्यातली डबकी बुजली तरी जात टिकते. (त्या तालुक्यापुरता मात्र तो संपतो, आणि याची नोंद लाल यादीत होत नाही.)

आंबोलीच्या टोडचा सख्खा भाऊ शोभेल असा कोयनेचा टोड १९६३ पासून शास्त्राला माहीत आहे. त्याचा प्रदेश थोडा अधिक पसरलेला, म्हणून तो एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ गटात आहे. उद्या आंबोलीचा टोड दूरच्या एखाद्या सड्यावर सापडला, तर एकही नवा टोड जन्माला न येता त्याचीही पायरी बदलू शकेल.