घर बांधून झाल्यावरचा खर्च

21 मार्च 2024 च्या सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्हा हादरला. तीव्रता 4.5. माणसे घराबाहेर पळाली, सावरताहेत तोच दहाएक मिनिटांत दुसरा धक्का. 10 जुलैला सकाळी सवासातच्या आधी पुन्हा तेच. केंद्र कळमनुरी तालुक्यात होते. त्याच्याही कितीतरी आधीपासून वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचे लोक जमिनीखालच्या गडगडाटाने झोपेतून उठत आले आहेत. सेनगाव तालुक्यातले साखरा असो की औंढ्याकडची गावे, जुन्या दगडमातीच्या भिंतींखाली झोपणाऱ्यांच्या मनात एकच नाव येते, किल्लारी.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून लातूर-उस्मानाबादची गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास 6 पेक्षा थोड्या जास्त तीव्रतेच्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसे गेली. मारले ते माळवदांनी. दोन बाजूंना दगडांचे थर, मध्ये मातीगोट्यांची भर, दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर दर पावसाळ्याआधी थोडी थोडी चढत गेलेली माती. धक्का बसताच भिंत पोटातून फुगली, दोन्हीकडे फाकली आणि वरचा सगळा भार खाली आला.

त्यानंतर पैसा आला, आणि मोठा आला. देशभरातून आणि परदेशांतून मदत आली. 1994 मध्ये जागतिक बँकेने सुमारे 24 कोटी 60 लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. 52 गावे नव्या जागी वसवली. घर किती मिळणार हे जमिनीवर ठरले: भूमिहीन व अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना 450, मोठ्यांना 750. म्हणजे गावातली जुनी उतरंड नव्या नकाशातही कायम राहिली. रस्ते रुंद आणि सरळ झाले, पण शेत लांब पडले. गोठा, कडबा, बलुतेदाराचे कामाचे ओटे यांना त्या चौरस फुटांत जागा नव्हती. पसरलेल्या गावाची पाण्याची लाइन, दिवे, गटारे सांभाळायची जबाबदारी ज्या ग्रामपंचायतींवर पडली, त्यांचे उत्पन्न मात्र जुन्या गावाएवढेच होते. घर बांधायला पैसा होता, ते गाव चालवायला नव्हता. दीर्घकालीन पुनर्वसनाचे खरे दुखणे मला इथे दिसते.

त्या पुनर्वसन कार्यक्रमाचा कमी बोलला जाणारा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. जी घरे पडली नव्हती, फक्त तडकली होती, अशा 13 जिल्ह्यांतल्या दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. इथे ठेकेदार नव्हता, घरमालकच काम करून घेत होता. पैसे हप्त्याने मिळत. एवढे काम झाले, अभियंत्याने पाहिले, की पुढचा हप्ता. कामही साधे होते. भिंतीतला एक दगड हलकेच काढायचा, आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचे. ठरावीक अंतरावर हेच पुन्हा. छपरावरची जादा माती उतरवायची, लाकडी खांब आणि तुळया तिरक्या आधाराने जखडायच्या. गावातल्या गवंड्याला हे येऊ शकते, आले की जन्मभर उपयोगी पडते.

पण हप्ता कधी मिळतो, काम बरोबर झाले का, हे घरच्या बाईला कोण सांगणार? त्यासाठी प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बाराशेहून अधिक गावांत महिला मंडळांमधून संवाद सहायक उभ्या केल्या. अधिकाऱ्यासमोर कधी न बोललेल्या बाया सिमेंटचा हिशेब विचारू लागल्या. घरे झाल्यावर याच मंडळांमधून बचत गट वाढले. भूकंपाच्या पैशातून उगवलेले आणि भूकंपानंतरही टिकलेले काही असेल तर ते हे. तसेच शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलांना पुण्याला नेऊन शिकवले. मूल कमावते व्हायला पंधरा वर्षे लागतात. तेवढी वर्षे खर्च उचलायची तयारी असलेली मदत विरळाच.

नेपाळनेही 2015 च्या भूकंपानंतर घर बांधायला तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत दिले. पाया तपासल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. पद्धत चांगलीच आहे, पण ज्याच्याकडे भिंत उभारायला पदरचे काहीच नाही तो पायाशीच अडकतो आणि सावकाराकडे जातो.

आपल्याकडे नियम बदलले आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणीच करून दिली. 40 टक्के तातडीच्या मदतीला, 30 टक्के पुनर्बांधणीला, 10 टक्के पूर्वतयारीला आणि 20 टक्के धोका कमी करायला. पुनर्बांधणीला असा वेगळा कप्पा प्रथमच मिळाला. मात्र याच काळातल्या मदतीच्या निकषांत सपाट प्रदेशातल्या पूर्ण पडलेल्या घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये ठरले होते. कच्च्या घराची अंशतः पडझड झाली तर 4 हजार. आज वाळू, सळई आणि गवंड्याची मजुरी देऊन या रकमेत काय उभे राहते, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही घरमालकाला विचारावे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही.

म्हणून हिंगोलीसाठी मागणी करायची ती धोका कमी करायच्या निधीवर. जुन्या दगडमातीच्या घरांची गावनिहाय पाहणी ग्रामसभेने करून घ्यावी, कुठली माळवदे अजून राहती आहेत याची यादी करावी, सळई-काँक्रीटचे बंध घालायला गवंड्यांना शिकवावे आणि त्या कामाचा हप्ता थेट घरमालकाच्या खात्यावर यावा. पुनर्बांधणीच्या पैशातून ग्रामपंचायतीला निदान दहा वर्षांचा देखभाल निधी मिळेल, हेही आत्ताच लिहून घ्यायला हवे. किल्लारीच्या वेळी हे सगळे भूकंपानंतर शिकावे लागले. साखऱ्याच्या ग्रामसभेपुढे ते आज, भिंती उभ्या असताना, ठेवता येते.