बिनतारी जाळ्याचे नियम कसे ठरले?

दुकानातून आणलेला विजेचा दिवा कोणत्याही कारखान्याचा असो, तो तुमच्या घरच्या होल्डरमध्ये नेमका बसतो. हे आपोआप घडत नाही. दिव्याच्या टोपीचा व्यास किती आणि तिच्यावरच्या दोन खुंट्या कोठे असाव्यात, हे कोणीतरी आधी ठरवून दिलेले असते. अशा ठरवून दिलेल्या मापांना व नियमांना ‘मानक’ म्हणतात.

आता आपल्या मोबाईलकडे पाहा. तो एका कंपनीचा, शाळेतला वाय-फायचा राउटर दुसऱ्या कंपनीचा. दोघांमध्ये तारही नाही. तरी ते एकमेकांशी बोलतात! दिव्याची टोपी हाताने चाचपता येते, पण लहरींना टोपी कोठली? मग त्यांचे माप कोणी आणि कसे ठरवले?

हवाई बेटांवरचा गोंधळ

ही गोष्ट पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर सुरू होते. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ नावाचे जाळे सुरू केले. वेगवेगळ्या बेटांवरील केंद्रे रेडिओलहरींनी मुख्य संगणकाला संदेश पाठवीत. नियम अगदी सोपा होता : संदेश तयार झाला की पाठवा, पोच आली नाही तर थोडे थांबून पुन्हा पाठवा.

पण दोन केंद्रे एकाच वेळी बोलू लागली की दोन्ही संदेश बिघडत. गणिताने असे दिसून आले, की या पद्धतीत उपलब्ध वेळेपैकी जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कारणी लागू शकतो. बाकीचा टकरींत किंवा शांततेत वाया जातो.

यावर उपाय काय? आधी ऐकावे, मग बोलावे. वर्गात सर्वांनाच उत्तर द्यायचे आहे, अशी कल्पना करा. प्रत्येकाने ० ते ३१ मधील एक आकडा मनात धरायचा. वर्ग शांत असेल तेव्हाच तो आकडा एकेकाने कमी करत जायचा. कोणी बोलू लागले, की मोजणे थांबवायचे. ज्याचा आकडा शून्यावर येईल त्याने बोलायचे. दोघांचे आकडे सारखे निघाले, तर टक्कर होणार. मग त्या दोघांनी पुढच्या वेळी ० ते ६३ मधून आकडा निवडायचा, म्हणजे पुन्हा टक्कर होण्याचा संभव कमी होतो. वाय-फायची उपकरणे हाच खेळ खेळतात. १९९९ च्या ११ मेगाबिटच्या मानकात एक आकडा मोजायला सेकंदाचे फक्त २० दशलक्षांश भाग लागत.

कोणालाच नको असलेला पट्टा

रेडिओलहरी वापरायच्या तर बहुधा सरकारी परवाना लागतो. अमेरिकेत १९८५ मध्ये काही पट्टे काही अटींवर परवान्यावाचून खुले झाले. त्यांतला एक २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झचा. या पट्ट्याला फारशी मागणी नव्हती, कारण घरातील मायक्रोवेव्ह भट्टीही सुमारे २४५० मेगाहर्ट्‌झलाच चालते! या लहरींची लांबी तुम्हीही काढू शकता. प्रकाशाच्या वेगाला कंप्रतेने भागा : ३० कोटी मीटर भागिले २४० कोटी, म्हणजे ०.१२५ मीटर, म्हणजेच साडेबारा सेंटिमीटर. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला.

पट्टा खुला झाला, पण प्रत्येक कंपनी आपापली भाषा बोलू लागली. दुकानातली गल्लायंत्रे बिनतारी जोडण्यात एनसीआर या कंपनीला रस होता. तिचे अभियंते व्हिक हेस १९९० मध्ये स्थापन झालेल्या एका समितीचे अध्यक्ष झाले. समिती आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेची होती आणि तिचा क्रमांक होता ८०२.११.

सात वर्षांच्या चर्चेनंतर १९९७ मध्ये पहिले मानक आले. वेग होता सेकंदाला १ किंवा २ मेगाबिट. पण त्यात एक मोठी उणीव राहिली. लहरी कशा पाठवाव्यात यावर एकमत न झाल्याने तीन निरनिराळ्या पद्धती मान्य करण्यात आल्या. त्यामुळे एकाच मानकाप्रमाणे बनवलेली दोन उपकरणेही एकमेकांशी बोलू शकत नसत! सर्वांना खूश करणारा नियम हा नियमच राहत नाही, हा धडा त्यातून मिळाला. म्हणून १९९९ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन उपकरणे तपासणारी संघटना काढली आणि ‘वाय-फाय’ हे नाव रूढ केले. हे नाव कशाचेही संक्षिप्त रूप नाही. ते केवळ उच्चाराला सोपे म्हणून घेतलेले नाव आहे.

प्रतिध्वनीवर मात

खोलीत लहरी भिंतींवर आपटून परततात. ३० मीटर अधिक अंतर कापून आलेला प्रतिध्वनी सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतका उशिरा पोचतो. संदेशाचे तुकडे फार वेगाने पाठवले, तर मागच्या तुकड्याचा प्रतिध्वनी पुढच्या तुकड्यात मिसळतो.

१९९९ च्याच दुसऱ्या एका मानकात यावर सुंदर तोड काढली आहे. एका वेगवान धावपटूऐवजी ४८ संथ धावपटू एकदम सोडायचे! म्हणजे ४८ वेगवेगळ्या कंप्रता एकाच वेळी वापरायच्या. प्रत्येक खेप ४ मायक्रोसेकंदांची. त्यांतले ०.८ मायक्रोसेकंद प्रतिध्वनी विरण्यासाठी राखून ठेवलेले. एवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते, म्हणजे घरातले सारे प्रतिध्वनी त्यात संपतात.

आता वेग मोजू. एका खेपेत प्रत्येक कंप्रतेवर ६ बिट, म्हणून ४८ × ६ = २८८ बिट. त्यांतला एक चतुर्थांश भाग चुका दुरुस्त करण्यासाठी जातो, उरतात २१६. ते ४ मायक्रोसेकंदांत जातात, म्हणून सेकंदाला ५४ मेगाबिट. मानकात छापलेला आकडा हाच!

मतदान

हे निर्णय एखादा मोठा शास्त्रज्ञ एकट्याने घेत नाही. समितीत मत व्यक्तीला असते, कंपनीला नव्हे. आणि तांत्रिक ठराव मंजूर होण्यास ७५ टक्के मते लागतात. म्हणूनच वेळ लागतो. ‘८०२.११ एन’ या मानकाचे काम २००३ मध्ये सुरू झाले व ते २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर कारखानदारांना धीर कोठला! मसुद्याप्रमाणे बनवलेली उपकरणे आधीच बाजारात आली आणि २००७ पासून त्यांची तपासणीही सुरू झाली. बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी असणारे लोक वर्षानुवर्षे एका टेबलाशी बसून भांडले, म्हणून तुमचा मोबाईल आज कोणत्याही राउटरशी भांडत नाही.

करून पाहा : तुमच्या शाळेतील किंवा घरातील राउटर २.४ व ५ गिगाहर्ट्‌झ अशी दोन जाळी वेगवेगळ्या नावांनी दाखवत असेल, तर राउटरजवळ, एका भिंतीआड व दोन भिंतींआड दोन्हींचे संकेत किती जोरदार आहेत याची नोंद करा. कोणते आधी क्षीण होते? त्याचे कारण तुमच्या विज्ञानशिक्षकांशी चर्चा करून शोधा.