अन्ननलिकेतील नॉच-१ चे कोडे

अन्ननलिकेचे अस्तर सतत नवे होत असते. तळच्या थरातील पेशी विभागतात, वर सरकत चपट्या होतात आणि शेवटी झडून जातात. जितक्या झडतील तितक्याच नव्या जन्माव्यात, हा मेळ राखण्यात अर्बुदरोधक, म्हणजे गाठी होऊ न देणाऱ्या, प्रथिनांचा मोठा वाटा असतो.

त्यांतले सर्वांत परिचित पी५३. एरवी एमडीएम२ हे प्रथिन त्याला सतत नष्ट करवत असते. डीएनए तुटला की पी५३ साठते आणि पी२१ चे जनुक चालू करते. पी२१ पेशीचे विभाजन रोखते. नुकसान फारच झाले असेल तर पेशी मरते. १९७९ साली सापडलेले हे प्रथिन दहा वर्षे कर्करोग घडवणारे मानले गेले, कारण प्रयोगांत वापरलेले जनुकच बिघडलेले होते. १९८९ मध्ये त्याची खरी भूमिका कळली. अन्ननलिकेच्या स्क्वॅमस कर्करोगात बहुतेक गाठींत हे जनुक बिघडलेले आढळते.

नॉच-१ या दुसऱ्या प्रथिनाची कथा मात्र उलटी, आणि म्हणूनच विलक्षण आहे. त्वचेच्या अभ्यासातून त्याची गणना अर्बुदरोधकांत झाली. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी नऊ मृत दात्यांची निरोगी अन्ननलिका तपासली. मध्यम व उतारवयातील दात्यांत १२ ते ८० टक्के पेशींत नॉच-१ बिघडलेले होते! कर्करोगाच्या गाठींत हेच प्रमाण खूप कमी असते. संरक्षक बिघडलेल्या पेशी निरोगी अस्तरातच जास्त, हे कसे?

२०२१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की दाट पिकात तण दबावे तशा नवजात सूक्ष्म गाठी भोवतालच्या जोमदार उत्परिवर्तित (जनुक बिघडलेल्या) पेशींच्या रेट्याने नाहीशा होतात. २०२३ मध्ये त्याहून थेट पुरावा मिळाला: नॉच-१ काढून टाकल्यावर उंदरांतील गाठींची वाढ मंदावली, आणि नॉच-१ रोखणाऱ्या प्रतिपिंडानेही तेच घडले. म्हणजे अन्ननलिकेत नॉच-१ गमावलेली पेशी शेजारणींवर मात करते, पण गाठ वाढवण्यात तोकडी पडते. डीएनएत बिघाड सापडला म्हणजे कर्करोग सापडला, असे सुचवणाऱ्या चाचण्यांच्या जाहिरातींकडे यामुळे सावधपणेच पाहायला हवे.

पी५३ गमावलेल्या पेशींचा धोका मात्र खराच आहे. जपानमधील २०१९ च्या अभ्यासानुसार अस्तरातील उत्परिवर्तित पेशींचा फैलाव वयाबरोबर होतोच. अतिमद्यपान आणि धूम्रपान करणाऱ्यांत तो आणखी वेग घेतो.